हातही सांभाळा, कागदही सांभाळा : कार कारखान्यातल्या अप्रेंटिससाठी

आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधली मुलं चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूजच्या दिशेने निघतात. "कंपनीत अप्रेंटिसला लागला" ही बातमी घरात पेढे वाटून सांगितली जाते. सांगायलाही हवी. ज्या घरात दोन पिढ्या बिगारी आणि धुणीभांडी करत आल्या, त्या घरातला मुलगा फिटर, वेल्डर, मशिनिस्ट होतो, मुलगी गाडीच्या वायरिंगच्या लाइनवर उभी राहते, ही साधी गोष्ट नाही.

पण पेढे वाटताना दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. पहिला, तो कोणत्या मशीनवर उभा राहणार आहे? दुसरा, त्याच्या हातात कोणता कागद आहे? अपघात विभागात ड्युटी करताना चेचलेली बोटं घेऊन आलेली विशीतली पोरं मी पाहिली आहेत. बहुतेकांना या दोन प्रश्नांची उत्तरं जखम झाल्यावर शोधावी लागली. म्हणून या अंकात त्यांचीच माहिती घेऊ.

अप्रेंटिस म्हणजे कायद्याने कोण?

कारखान्याच्या गेटमधून एकाच रंगाचा शर्ट घालून शंभर जण आत जातात. पण त्यात कायम कामगार असतात, ठेकेदाराचे असतात, 'ट्रेनी' म्हणून घेतलेले असतात आणि अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवारही असतात. काम सारखं दिसलं तरी प्रत्येकाचा हक्क वेगळ्या कागदावर लिहिलेला असतो.

शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार उमेदवार आणि मालक यांच्यात करार होतो आणि त्याची सरकारकडे नोंदणी होते. उमेदवार 18 वर्षांखालील असेल तर करारावर पालकाची सही लागते. या कायद्यातली चार कलमं प्रत्येक घराने लक्षात ठेवावीत.

एक. अप्रेंटिस हा 'कामगार' नाही, 'प्रशिक्षणार्थी' आहे, असं कलम 18 सांगतं. त्यामुळे त्याला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा लागू होत नाही. शेजारच्या मशीनवरच्या ठेकेदारी कामगाराकडे ईएसआयचं कार्ड असतं, आपल्या मुलाकडे नसतं. अनेक घरांना हे अपघाताच्या दिवशी कळतं.

दोन. ईएसआय नाही म्हणजे मुलगा वाऱ्यावर नाही. कामावर इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी कलम 16 ने थेट मालकावर टाकली आहे. कलम 14 नुसार कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला कामगारांसारखीच आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची तरतूद लागू होते. गार्ड, चष्मा, पिण्याचं पाणी, संडास यांत 'शिकाऊ आहेस, चालवून घे' हे चालत नाही.

तीन. अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेतही घेता येत नाही, असं कलम 13 म्हणतं. "एवढे पीस काढलेस तर एवढे जास्त" असं कोणी सांगत असेल तर ते कायद्याबाहेरचं आहे. बोटं तुटतात ती बहुधा या घाईतच.

चार. कलम 15 नुसार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.

विद्यावेतनाचे 2019 च्या नियमांतले किमान दर असे होते : दहावी झालेल्याला 6,000, आयटीआय झालेल्याला 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये महिना. रुजू होताना त्या वेळचा चालू दर पाहून घ्यावा आणि करारावर तोच आकडा आहे का हे तपासावं.

नुसतं 'ट्रेनी' असं नाव असेल आणि 1961 च्या कायद्याखालचा करार नसेल, तर गोष्ट उलटी होते. अशा मुलाला, पगार मर्यादेत असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल तर, ईएसआय मिळायला हवा. 2017 पासून ही मर्यादा महिना 21,000 रुपयांची होती. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा : "माझा करार 1961 च्या कायद्याखाली आहे का? नसेल तर माझा ईएसआय नंबर काय?" या दोन्हीपैकी एकही उत्तर मिळालं नाही, तर पुढे धोका आहे असं समजावं.

गाडी कशी बनते आणि धोका कुठे असतो

गाडीच्या कारखान्यात साधारण चार खाती असतात. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून दार, बॉनेट, छप्पर यांचा आकार निघतो. बॉडी शॉपमध्ये ते पत्रे वेल्डिंगने जोडतात. मग रंगाचं खातं. शेवटी असेंब्ली, जिथे इंजिन, काचा, सीट, वायरी बसतात. मोठ्या कंपन्यांत प्रेस आणि वेल्डिंगचं बरंच काम रोबोट करतात आणि त्यांच्याभोवती जाळी असते.

पण गाडीचे हजारो सुटे भाग त्या मोठ्या गेटच्या आत बनत नाहीत. ते आजूबाजूच्या लहान-मोठ्या शेडमध्ये बनतात. जुन्या प्रेस, हाताने पत्रा सरकवणं, बारा बारा तास, हे चित्र तिथलं. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढले आहेत. त्यांतही हेच दिसतं : हात गमावणारे बहुतेक जण सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतले आहेत, आणि सर्वांत जास्त हात खाते ती पॉवर प्रेस.

प्रेसवर उभं राहण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्यावरच प्रेस चालते का? म्हणजे दाबाच्या क्षणी दोन्ही हात बाहेर असतात. पायाच्या पेडलवर चालणाऱ्या प्रेसमध्ये हात मोकळे राहतात आणि डायमध्ये जातात. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर चालू आहे का, की उत्पादन वाढवायला बंद केलाय? पुढचं गार्ड जागेवर आहे का? आणि एकदा दाबल्यावर प्रेस कधी आपोआप दुसऱ्यांदा खाली येते का? तसं एकदा जरी झालं तरी मशीन बंद करून सांगायचं, पुढचा पत्रा लावायचा नाही. अडकलेला तुकडा हाताने काढायचा नाही. त्यासाठी चिमटा किंवा चुंबकाचा दांडा असतो, तो मागून घ्यायचा.

हातमोज्यांबद्दलही एक गैरसमज आहे. धारदार पत्रा उचलताना मोजे हवेतच. पण ड्रिल, लेथ अशा गरगर फिरणाऱ्या मशीनवर मोजा घातला तर तो गुंडाळला जातो आणि हाताला आत ओढतो. तिथे मोजा, अंगठी, कडं, मनगटातला धागा, गळ्यातली ओढणी, सैल बाही, काहीही नको.

बोट तुटलं तर पहिला तास

मशीन आधी बंद करा. हात अडकला असेल तर ओढू नका. मशीन जाणणाऱ्या माणसाला बोलवा.

रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. वायर, सुतळी, रबर आवळू नका. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट, तंबाखू, मशीनचं तेल, यातलं काहीही लावू नका. नंतर डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तेवढा वेळ जातो.

तुटलेलं बोट शोधा. पत्र्याच्या ढिगात असलं, डायमध्ये असलं, तरी शोधा. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये किंवा कापडात गुंडाळा. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, कारण गोठलेलं मांस मरतं. पाण्यात किंवा स्पिरिटमध्येही बुडवायचं नाही. पिशवीवर नाव आणि अपघाताची वेळ लिहा.

नीट कापलं गेलेलं बोट असं गार ठेवलं तर काही तास टिकतं आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करता येतो. जितकं लवकर पोचाल तितकं चांगलं. पार चेचलेलं बोट अनेकदा जोडता येत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, सुपरवायझरने नाही. 108 ला फोन करा. जिथे प्लास्टिक सर्जन आहेत तिथे न्या आणि निघतानाच तिथे फोन करून कळवा. नाहीतर जवळच्या लहान दवाखान्यात टाके घालून घेण्यात महत्त्वाचे तास जातात. वाटेत चहा-बिस्किट देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

बोट जोडल्यावर बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जोडलेलं बोट काळं पडून जाऊ शकतं. भेटायला आलेल्या मित्रांनाही हे सांगा.

लहान दिसणाऱ्या मोठ्या जखमा

ग्रीस गन, हायड्रॉलिक पाइप किंवा रंगाच्या स्प्रे गनमधून जोराच्या दाबाने तेल किंवा रंग बोटात घुसतो. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत तेल पसरत असतं आणि बोट जाण्याची भीती असते. पट्टी लावून परत लाइनवर उभं राहू नका. त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि "प्रेशरने आत गेलंय" हे शब्द वापरून सांगा.

ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नका. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने सहकाऱ्याकडून काढून घेऊ नका. डोळ्यात थिनर, ॲसिड उडालं तर लगेच नळाखाली धरून पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग दवाखाना.

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्रास लगेच होत नाही. मध्यरात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं. घरी मग बटाट्याच्या चकत्या किंवा बाळंतिणीचं दूध घालण्याचा सल्ला मिळतो. यातलं काही डोळ्यात घालू नका. डोळे मिटून, वरून गार कपडा ठेवा आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

हळूहळू होणारं नुकसान

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कान खराब करणारा आहे, असं समजा. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजणं ही पहिली खूण. गेलेलं ऐकणं परत येत नाही. इअर प्लग मागून घ्या आणि ते घाणेरड्या बोटांनी कोंबू नका.

रंगखात्यात काम करणाऱ्याला खोकला, छातीत घरघर होत असेल तर एक गोष्ट वहीत लिहून ठेवा : सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की परत सुरू होतं का? तसं असेल तर हा रंगातल्या रसायनामुळे होणारा दमा असू शकतो. डॉक्टरांना नुसतं "खोकला आहे" म्हणू नका, काय काम करता ते सांगा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी फिल्टरचा मास्क लागतो.

मुलींचा एक वेगळा त्रास आहे. लाइन सोडून संडासला जाऊ देत नाहीत म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, पाळीच्या दिवसांत हाल. पाणी आणि संडास हा सवलतीचा विषय नाही, कायद्याचा आहे. चार जणींनी मिळून लेखी मागा.

आणि झोप. दहा बाय दहाच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपतो, तेव्हा टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी होते, शेजारचा स्पीकर वाजतो. चार तासांच्या तुटक झोपेवर तो पुन्हा मशीनसमोर उभा राहतो. अर्धवट झोपलेल्याचा हात आणि दारू प्यायलेल्याचा हात सारखाच चुकतो. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो ते मनाची सावधता टिकावी म्हणूनच. ती सावधता झोपेवाचूनही जाते. घरातल्यांनी त्याच्या झोपेचे सलग तास ठरवून पाळावेत, खिडकीला जाड पडदा लावावा. डब्यात नुसता भात-बटाटा नको. डाळ, उसळ, अंडं, भाकरी असावी.

पहिला आठवडा कागदाचा

जखमेवर पट्टी झाली की घरच्यांचं दुसरं काम सुरू होतं. ते त्याच दिवशी सुरू करा.

हॉस्पिटलच्या केसपेपरवर "मशीनवर काम करताना इजा" असं लिहिलं गेलं पाहिजे. तारीख, वेळ, कारखान्याचं नाव, मशीनचं नाव. "घरी पडला", "गाडीवरून पडला" असं लिहायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्या एका ओळीवर पुढचा सगळा दावा उभा राहतो. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला सांगा. अपघाताची लेखी सूचना मालकाला द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. हाताचे, मशीनचे फोटो, बरोबरच्या दोघांची नावं, एक्स-रे, बिलं, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका पिशवीत ठेवा.

आता पैशाचं. भरपाईच्या कायद्यात प्रत्येक बोटाची टक्केवारी ठरलेली आहे. अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, तिचं एक पेर गेलं तर 9 टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर 20, तीन गेली तर 30, चार गेली तर 50 टक्के.

एक हिशेब करून पाहू. मुलगा 20 वर्षांचा, विद्यावेतन 7,000. त्याचे 60 टक्के 4,200. वयानुसार ठरलेला गुणक 224. गुणाकार 9,40,800 रुपये. तर्जनी गेली असेल तर त्याचे 14 टक्के, म्हणजे 1,31,712 रुपये. दोन बोटं गेली असतील तर 1,88,160. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर त्यावर व्याजही लागतं. हे आकडे पाठ असू द्या, कारण हॉस्पिटलच्या कॉटशेजारी पाकिटात दहा-वीस हजार घेऊन कोणीतरी येतं आणि कोऱ्या किंवा इंग्रजी कागदावर सही मागतं. सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही. दावा मात्र दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. नव्या कामगार संहितांत जुने कामगार कायदे सामावले गेले आहेत, तरी शिकाऊंचा 1961 चा कायदा वेगळाच आहे. दावा करताना आज कोणतं कलम लागतं ते वकील पाहील.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हा दर्जा आहे, म्हणून जातीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. कराराबद्दल तक्रार असेल तर आयटीआय झालेल्यांनी जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयात जावं. पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी मुंबईत शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ आहे. गार्ड, सेन्सर, मशीनबद्दलची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायची.

रुजू होण्याच्या दिवशी घरी एवढं करा

कराराची प्रत घ्या, मोबाइलवर फोटो काढून आईच्या आणि बहिणीच्या फोनवरही पाठवा. करार क्रमांक, विद्यावेतन, कोणता ट्रेड, किती महिने हे वाचा. फिटरचा करार आणि काम मात्र वर्षभर प्रेसवर पत्रे सरकवण्याचं, असं असेल तर ते शिक्षण नाही. कारखान्याचं खरं नाव आणि पत्ता लिहून ठेवा, ठेकेदाराचं नाव वेगळं लिहा. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. पाच-सहा अप्रेंटिस एकाच वस्तीतले असतील तर विहारात महिन्यातून एकदा एकत्र बसा, कोणाच्या मशीनला काय झालंय ते बोला. एकट्याने गार्ड मागितलं तर "उद्यापासून येऊ नको" असं उत्तर येतं. सहा जणांनी लेखी मागितलं तर तेवढं सोपं राहत नाही.

आपल्या मुलांना या जागा कोणी उपकार म्हणून दिलेल्या नाहीत. 1961 च्या कायद्यातच अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखीव आहेत. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचं कसबी काम असं जातीने बंद होतं, आणि बाबासाहेबांनी तो प्रश्न गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती 1946 ची, त्यांच्याच काळातली. ज्या अहवालावरून पुढे ईएसआय उभा राहिला तो आडारकरांचा अहवालही त्याच काळातला, 1944 चा.

कसबी कामाचं दार असं उघडलं आहे. आता आपली मुलं त्यातून आत जातायत, तर ती दहाही बोटांनिशी बाहेर यायला हवीत. मुलगा आज कामावरून आला की पगार किती मिळणार हे उद्या विचारा. आज विचारा, "तुझ्या प्रेसला गार्ड आहे का? सेन्सर चालू आहे का?" आणि त्याचे दोन्ही हात एकदा बघून घ्या.

जय भीम.